वाळीत टाकणे हा बहिष्कार नव्हे

गावकीची आणि जातपंचायतीची बाजू घेणाऱ्यांचा एक ठरलेला सवाल असतो. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होताच ना? मग गावाने एका घराशी बोलणेचालणे सोडले तर लगेच पोलिस कशाला?

सवाल बिनतोड वाटतो, कारण ‘बहिष्कार’ या एकाच शब्दाखाली आपण दोन वेगळी कृत्ये दडपली आहेत: एक माल नाकारण्याचे, दुसरे माणसाला टाकण्याचे. लोकांनी दुसऱ्या कृत्यासाठी शब्द वेगळा ठेवला होता: वाळीत टाकणे. हा शब्द वाळवण्यावरून, सुकवण्यावरून आला असे काहीजण सांगतात. कल्पना चटकदार आहे, पण तिची गरज नाही. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजेच वगळणे, टाकून देणे. परदेशी कापड कुणी वाळीत टाकल्याचे ऐकले आहे? वाळीत पडते ते माणूस, त्याचे घर, त्याच्या मुलीचे लग्न.

विरोधकांचा खरा बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो ते सहसा मांडत नाहीत. इंग्रजी ‘बॉयकॉट’ हा शब्दच एका माणसाला एकटे पाडण्यातून जन्मला. 1880 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभारी होता. कुळांशी त्याचे बिनसले, तेव्हा गडी काम सोडून गेले, दुकानदार माल देईनात. म्हणजे वाळीतच की! पण पुढे काय झाले ते पाहा. त्याचे पीक काढायला उत्तरेतून मजूर आले, त्यांच्या रक्षणाला सरकारने फौज धाडली आणि शेवटी कॅप्टनसाहेब इंग्लंडला निघून गेले. सत्ता त्याच्या पाठीशी होती आणि जायला जागाही होती. कुळांजवळ दुसरे हत्यारच नव्हते.

आपल्याकडे हत्यार उलट्या हातात असते. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. तिच्या 1930 च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे: अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांची वाट अडवायची, वाण्याने जिन्नस द्यायचे नाहीत. पोट शेतमालकाच्या मजुरीवर असलेल्याने जायचे कुठे? बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातील 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. ‘बहिष्कृत भारत’ हे नाव आपल्या पत्राला देणारा माणूस या शब्दाची धार ओळखून होता.

‘हा आमच्या समाजाचा अंतर्गत मामला’ हे उत्तरही जुनेच. 1949 चा मुंबईचा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर रद्द केला, तो धर्मपंथाच्या स्वातंत्र्याच्या नावाने. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र विरुद्ध पडले होते, आणि माझ्या मते ते बरोबर होते. पंथाला आपला कारभार करू द्या. पण प्रेताला खांदा द्यायचा नाही, विहिरीवर यायचे नाही, हा कारभार कसला?

व्यापाऱ्याचा माल नाकारा, सरकारच्या समित्या नाकारा, जरूर नाकारा. शेजाऱ्याला नाकारून वर दंड आणि माफीनामा मागणे मात्र महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.