उंबरखिंड आणि धनुर्धराचा खांदा
१/५ २ फेब्रुवारी १६६१. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेला शरण आणले. मावळे रानात दबा धरून होते. शत्रू पुरता कोंडीत येईपर्यंत त्यांनी आपले बळ राखून ठेवले.

२/५ ही गाथा वाचून कर्जत-खालापुरातला एखादा तरुण धनुष्य हाती घेतो, तेव्हा नेमका हाच संयम विसरतो. किती बाण सोडले, यालाच तो पराक्रम समजतो आणि खांदा दुखावून बसतो.

३/५ अतिश्रमाची खूण हाडांतही उरते. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर धनुष्ये आणि सांगाडे सापडले. त्यांतील अनेकांच्या खांद्याच्या टोकाचे हाड पूर्ण जुळलेले नव्हते. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असे अभ्यासक मानतात.

४/५ म्हणून आमचे मत असे: आरंभी हलक्या ओढीचे धनुष्य घ्यावे. आधी अंग मोकळे करावे. प्रत्यंचा ओढताना पाठीचे स्नायू वापरावेत, सारा भार दंडावर टाकू नये. बाणांची संख्या हळूहळू वाढवावी, मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. हात थरथरू लागताच थांबावे. थकल्या हाताने सोडलेला बाण चुकीची सवयच पक्की करतो.

५/५ उंबरखिंडीच्या वारसांनी उतावळेपणाला शौर्य म्हणू नये.