विश्लेषण : आजोबांचा रेडिओ लावून पाहण्याआधी कंडेन्सर का बदलावेत?

माळ्यावरचा जुना व्हॉल्व्ह रेडिओ खाली उतरवला, धूळ पुसली की पुढचा मोह ठरलेला असतो : प्लग लावून पाहू, वाजतो का! मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको अशा नावांचे हे संच एकेकाळी दिवाणखान्याची शान होते. ते घरात ठेवायचे तर पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. एवढी वर्षे जपलेल्या संचाचा घात नेमका हा ‘लावून पाहू’चा क्षण करू शकतो. लाकडी पेटी आणि काचेचे व्हॉल्व्ह टिकले, तरी आतले कपॅसिटर, जुन्या मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, बहुधा कामातून गेलेले असतात. म्हणून आधी ते बदलावेत, मगच संच चालू करावा.

न वापरताही ते खराब कसे होतात?

कंडेन्सरचे एक काम म्हणजे डीसी वीज अडवून आवाजाचा सिग्नल पुढे जाऊ देणे. जुन्या संचांत त्यासाठी धातूच्या पातळ पट्ट्या आणि मेणात भिजवलेला कागद यांची गुंडाळी असे. कागद वर्षानुवर्षे दमटपणा शोषतो आणि अडवायची ती वीज झिरपू लागते. मुंबई-कोकणच्या हवेत तर हे व्हायचेच. दुसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक. त्यातले रसायन सुकते आणि नुसते पडून राहिल्यानेही आतला संरक्षक थर कमकुवत होतो.

बिघाड कितपत गंभीर?

शेवटच्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला छोटा कंडेन्सर सर्वांत घातक. तो झिरपला की व्हॉल्व्हमधून प्रमाणाबाहेर करंट वाहतो. व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. फिल्टरचा इलेक्ट्रोलिटिक सुकला, तर गाण्यामागे सतत घूंऽऽ ऐकू येते. तो शॉर्ट झाला, तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. थोडक्यात, सहज मिळणाऱ्या भागाची हयगय दुर्मीळ भागाच्या मुळावर येते.

सगळेच बदलायचे का?

नाही. कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक बदलावेत. अभ्रकाचे (मायका) आणि सिरॅमिक बहुधा ठणठणीत असतात. त्यांना उगाच हात लावला, तर ट्यूनिंग बिघडण्याचीच भीती. कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर चालतात. ०.०५ मायक्रोफॅरडऐवजी आज मिळणारा ०.०४७ चालतो, ८ ऐवजी १०. मात्र ‘मोठा म्हणजे चांगला’ हा हिशेब रेक्टिफायर व्हॉल्व्हजवळच्या फिल्टरला लावू नये. व्हॉल्व्हवर ताण येतो. मेन लाइनवरच्या कंडेन्सरसाठी त्या कामाचाच सुरक्षा-प्रमाणित प्रकार हवा.

मग ‘अस्सलपणा’चे काय?

संग्राहकांचा आक्षेप असा, की जुने भाग काढले की रेडिओ अस्सल राहत नाही. संग्रहालयात काचेमागे ठेवायच्या संचापुरते ते खरे आहे. पण ज्यावर घरात गाणी ऐकायची, त्यातला कंडेन्सर हा सायकलच्या टायरसारखा झिजणारा भाग आहे. टायर बदलल्याने सायकल परकी होत नाही. मध्यम मार्गही आहे : जुनी नळी पोकळ करून नवा कंडेन्सर तिच्यात बसवावा किंवा काढलेले भाग पाकिटात घालून पेटीतच ठेवावेत.

काम कसे करावे?

आधी चासीचे फोटो काढावेत. मग एका वेळी एकच कंडेन्सर बदलावा, म्हणजे चूक झाली तरी सापडते. इलेक्ट्रोलिटिकचे प्लस-मायनस तपासावेत. पहिल्यांदा वीज देताना सिरीजमध्ये बल्ब लावावा. तो प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जिवाची. आत २०० ते ३०० व्होल्ट डीसी खेळत असते आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते काही काळ साठून राहू शकते. अनेक एसी-डीसी संचांत तर चासी थेट मेन लाइनला जोडलेली असते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याने मागचे झाकण उघडू नये. जाणकार मेकॅनिककडे जावे.

आजोबांचा रेडिओ इतकी वर्षे गप्प होता. आणखी एक आठवडा थांबला, तर त्याचे काही बिघडणार नाही. घाईने मात्र बिघडेल.