तिरडी बांधली, पण मयत कामावर होतं!

गेल्या शनिवारी तो व्हिडिओ परत बघितला. ६ मे २००२, सॅन होजे, अ‍ॅपलची डेव्हलपर लोकांची परिषद. स्टेजवर धूर, मागे चर्चच्या रंगीत काचा, ऑर्गनचे गंभीर सूर आणि खालून हळूहळू वर येणारी शवपेटी. पेटीत मॅक ओएस ९ चा भलामोठा खोका. स्टीव्ह जॉब्सने श्रद्धांजलीचं भाषण वाचलं, झाकण लावलं आणि वर गुलाबाचं फूल ठेवलं. लोक हसतायत, टाळ्या वाजतायत. पहिल्यांदा बघितला तेव्हा मीही जाम हसलो होतो.

आता तेवढं हसू येत नाही.

आधी कबूल करतो, इंजिनियर म्हणून जॉब्सचं बरोबरच होतं. ओएस ९ मध्ये एक प्रोग्रॅम लटकला की बहुतेक वेळा अख्खं मशीन घेऊन बसायचा. कुठल्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची ते आपण हाताने आकडा टाकून ठरवायचं! हे किती दिवस चालवणार? पण मयताचं वय बघा. ऑक्टोबर १९९९ चा जन्म, म्हणजे जेमतेम अडीच वर्षं. आणि मार्च २००१ मध्ये आलेला वारस, मॅक ओएस एक्स (लिहायचं एक्स, म्हणायचं टेन, अ‍ॅपलची हौस), सुरुवातीला डीव्हीडीसुद्धा लावू शकत नव्हता.

खरी गोची छपाईवाल्यांची झाली. त्यांचं पोट क्वार्क एक्सप्रेसवर, आणि ओएस टेनसाठीचं क्वार्क आलं थेट २००३ मध्ये. टेनच्या आत जुने प्रोग्रॅम चालवायची 'क्लासिक' नावाची सोय होती म्हणा, पण अंक उद्या छापायला जायचाय तेव्हा कोण असल्या सोयीवर विसंबेल? इकडे अ‍ॅपलने जाहीर करून टाकलं की जानेवारी २००३ पासून नवे मॅक फक्त टेनवरच सुरू होतील. मग गंमत बघा. ओएस ९ वर सुरू होणारा पॉवर मॅक जी४ त्यांना २००३ च्या मध्यानंतरही विकत राहावा लागला. तेरावं घालून झालं तरी मेलेल्याची खोली काही रिकामी करता येईना.

मॅकवाल्यांत दोन तट पडले. एक म्हणे पुढे चला, रडताय काय. दुसरे म्हणे आम्हाला विचारलंत का? या दुसऱ्यांना आमच्या जमातीने सरसकट 'हट्टी म्हातारे' ठरवलं. मला हे पटत नाही. ओएस ९ मध्ये फोल्डर जिथे ठेवाल तिथेच, तेवढ्याच आकारात उघडायचा. दहा-दहा वर्षं तसं काम केलेल्या माणसाचा हात डोळ्यांच्या आधी पोचतो, स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याकडे पोचतो तसा. उद्या कुणी 'सुधारणा' म्हणून मांडणी बदलली तर आई किती बोलेल, विचारून बघा घरी.

हे सगळं आठवायचं कारण वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने आमच्याच एका जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद केला. मीच मेल लिहिली होती. वर थडग्याचं कार्टूनसुद्धा टाकलं होतं, हसू नका. दुसऱ्या दिवशी एका छोट्या कारखानदाराचा फोन. आवाज शांत. "साहेब, तुमचं सॉफ्टवेअर मेलं असेल. माझी पगारपत्रकं आज सकाळीच निघालीत त्यातनं."

काय बोलणार? नवीन व्हर्जन कसं चांगलं आहे ते सांगायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "यात माझं काय अडलं होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. सुरक्षेचं कारण खरं होतं, पण ते आमच्या मेलमध्ये सातव्या ओळीत होतं. थडगं सगळ्यात वर.

मॅनेजरशी भांडून तारीख सहा महिने पुढे ढकलून घेतली. त्याने तरी व्हर्जन बदललं नाहीच. त्या पीसीची नेटची वायर तेवढी काढून ठेवली, असं मागे त्यानेच फोनवर सांगितलं.