पळसाचा रंग आणि मधली साखळी

दहावीच्या 'कार्बनी संयुगे' पाठात आपण मुलांकडून क्रियात्मक गट पाठ करून घेतो. हा अल्कोहोल, हा कीटोन. गट ओळखला की गुण मिळाले. पण दोन गटांच्या मध्ये काय आहे, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते गंमत त्या मधल्या भागातच आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकाला ती दाखवायला पळसाएवढं जवळचं साधन दुसरं नाही.

पळसाचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. त्यावरूनच त्याच्या दोन द्रव्यांना ब्युटिन आणि ब्युटेइन ही नावं पडली. (फुलात ती बहुतांशी साखरेला जोडलेली असतात, ते सध्या बाजूला ठेवू.) दोघांत अणू तेवढेच: १५ कार्बन, १२ हायड्रोजन, ५ ऑक्सिजन. तरी ब्युटिन जवळजवळ रंगहीन आणि ब्युटेइन नारिंगी! का बरं?

दोन्ही रेणूंत बेंझिनची दोन वलयं आणि त्यांना जोडणारी तीन कार्बनची साखळी आहे. एका टोकाचं वलय इलेक्ट्रॉन द्यायला तयार, तो दाता. साखळीवरचा कार्बन-ऑक्सिजन गट घ्यायला तयार, तो ग्राही. ब्युटेइनच्या साखळीत दुहेरी बंध आहे. त्यामुळे निळसर प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनचा भार दात्याकडून ग्राहीकडे सरकतो, आणि उरलेला रंग आपल्याला नारिंगी दिसतो. ब्युटिनमध्ये तीच साखळी वळून बंद झालीय, मध्ये एकेरी बंध आलेत. दाता तोच, ग्राही तोच, पूल तेवढा तुटका.

हळदीचंही तसंच. कर्क्युमिनच्या साखळीतले कार्बन-कार्बन दुहेरी बंध हायड्रोजनने भरले की पिवळेपणा जातो. रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटांसाठीही शास्त्रज्ञ दाता-पूल-ग्राही असेच रेणू बनवतात. पूल किती लांब ठेवायचा, तो पिळला जाऊ नये म्हणून काय करायचं, यावर त्यांची डोकेफोड चालते.

"हे अभ्यासक्रमात नाही, सर," असं पालक म्हणतील. क्रियात्मक गट आहेत ना? मग त्यांना जोडणारी साखळी पाच मिनिटं दाखवायला काय हरकत आहे? आपल्या पोरांना विज्ञान पुण्या-मुंबईहून आल्यासारखं वाटतं, ते मला जास्त खटकतं.

पळसाच्या पाकळ्या उकळा, पाणी दोन ग्लासांत घ्या, एकात चुन्याची निवळी टाका. (चुना आपल्याकडे शोधावा लागत नाही, खर्र्याची कृपा!) रंग गडद होतो. चुना बंद साखळी उघडायला मदत करतो, शिवाय वलयावरच्या ओएच गटातला हायड्रोजन काढून दात्याला आणखी सढळ करतो. धडा येईल तेव्हा पळस फुललेला असेलच असं नाही, म्हणून फाल्गुनातच पाकळ्या सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवा.