तंजावरच्या राजाचे केसपेपर

डोळे तपासून आलात की केसपेपर जपून ठेवता ना? तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२) दोनशे वर्षांपूर्वी हेच करत होते! रुग्णाची हकीकत, उपचार आणि सोबत दुखऱ्या डोळ्याचं रंगीत चित्र. तेव्हा फोटो कुठले! हे कागद आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. राजांच्या धन्वंतरी महालात औषधं वापरून पाहिली जात आणि गुण आलेली तमिळ पद्यात लिहून घेतली जात. राजा मराठी, पण औषधाची भाषा तिथल्या लोकांची. मला हे फार आवडलं. ग्रंथालयात मोडीतल्या कागदांचे गठ्ठेही आहेत, पण मोडी वाचणारे आता मोजकेच. तुमच्या घरी कुणाला येते का मोडी? आजी-आजोबांना आजच विचारा.