पडण्याची शाळा

प्रवासांत गांठीं पैसे थोडे असले म्हणजे माणूस फुकट तें पौष्टिक मानूं लागतो. आमच्या जपानच्या प्रवासाच्या हिशेबवहींतील कांहीं पानें मागील अंकीं वाचकांपुढें ठेविलींच होतीं. तेव्हां आमच्या काटकसरीचें पुराण येथें पुन्हा लावीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, टोकियोच्या उएनो भागांतील एका स्वस्त वसतिगृहांत आम्ही, सौभाग्यवती व एकोणीस वर्षांची आमची कन्या अशीं तिघें उतरलों होतों. सकाळीं बरोबर नेलेले पोहे, दुपारीं दुकानांतील दीडशे-दोनशे येनांचा भाताचा गोळा आणि रात्रीं पुन्हा पोहे, असा क्रम चालला होता. त्या गोळ्यांपैकीं आम्हां शाकाहारी मंडळींस त्यांतल्या त्यांत भरंवशाचा वाटला तो उमेबोशी नांवाचें खारवलेलें आंबट फळ पोटांत घातलेला. पहिला घांस घेतांच सौभाग्यवतींनीं "हें तर आपलें लिंबाचें जुनें लोणचें" असा निर्वाळा दिला, आणि त्या दिवसापासून आमच्या उपासमारीचें भय गेलें.

चवथ्या दिवशीं कोठें जावें हा प्रश्न पडला. शहरांतील उंच मनोऱ्यावर चढावयाचें तर माणशीं दोन हजार येनांच्या वर मोजावे लागतात. सुमो-मल्लांचे मोठे सामने वर्षांतून सहा वेळां होतात व त्यांपैकीं तीन टोकियोस होतात खरे, पण ते जानेवारी, मे व सप्टेंबर या महिन्यांत. आमचा महिना त्यांत बसत नव्हता. तेव्हां कन्या हळूच म्हणाली, "कोदोकान पाहूं या ना, बाबा. तेथें पाहण्यास पैसे पडत नाहींत. पडतात तीं माणसें."

कोदोकान ही ज्युदो या मल्लविद्येची मूळ शाळा. ज्युदो हा शब्द ऐकून आमच्या कपाळास आठी पडली, आणि ती कां पडली हें वाचकांस सांगणें अवश्य आहे. दोन वर्षांपूर्वीं ही आमची मुलगी आपल्या गांवच्या एका वर्गांत ज्युदो शिकत असतां तिच्या गळपट्टीचें हाड मोडलें. सहा आठवडे हात झोळींत होता. तिचा तो जाड पांढरा पोषाख घडी होऊन पेटींत गेला, पेटीस कुलूप लागलें, आणि घरांत पुन्हा हा विषय काढावयाचा नाहीं असें ठरलें. ठरविणारे आम्हीच होतों. मुलीनें वाद घातला नाहीं; आणि तिनें वाद घातला नाहीं म्हणजे तिला तें पटलें, अशी आम्हीं आपली समजूत करून घेतली. असो. फुकट या शब्दापुढें आमचा निग्रह टिकला नाहीं, आणि नुसतें पाहण्यानें हाड मोडत नाहीं असें मनाशीं म्हणत आम्ही निघालों.

भाडें वांचविण्यासाठीं पायींच निघाल्यामुळें एक लाभ झाला. वाटेवर नव्हे, पण वाट थोडी वांकडी केली तर इनारीचो नामक ठिकाणीं एइशोजी हें एक लहानसें बौद्ध मंदिर लागतें. याच मंदिराच्या आवारांत १८८२ सालीं कानो जिगोरो या तरुणानें ही शाळा काढिली. त्याला तेव्हां बाविसावें वर्ष चालू होतें. शिष्य अवघे नऊ व जागा बारा गाद्यांची, म्हणजे आमच्याकडील एखाद्या माजघराएवढी. माणसें आपटूं लागलीं कीं मंदिरांतील पूर्वजांच्या नांवांच्या पाट्या डळमळत आणि भिक्षु तक्रार करी, असें सांगतात. कानो स्वतः अंगानें लहानखोर. शाळेंत धटिंगण मुलांनीं छळल्यामुळें तो जुन्या युयुत्सु विद्येकडे वळला होता. तींतील घातक डाव बाजूस काढून, समोरच्यास इजा न होतां पूर्ण जोरानें खेळतां येईल अशी विद्या त्यानें बसविली. मंदिराच्या आवारांत त्याची आठवण म्हणून एक दगड आहे. सौभाग्यवतींनीं त्यास नकळत हात जोडले.

तेथून सुमारें एक कोस चालून कासुगा भागांत आलें कीं आजचें कोदोकान दिसतें. ही आठ मजली इमारत १९८४ सालीं बांधिली. दाराशीं कानोचा पंचरसी पुतळा आहे. दुसऱ्या मजल्यावरील लहानसें संग्रहालय विनामूल्य पाहावयास मिळतें, आणि आठव्या मजल्यावर प्रेक्षकांचा सज्जा आहे; तेथें बसून सातव्या मजल्यावरील मुख्य आखाडा पाहतां येतो. बारा गाद्यांच्या आता चारशें वीस झाल्या आहेत.

आम्ही सज्जांत शिरलों तेव्हां सायंकाळचा सराव नुकताच रंगास आला होता. खालीं शंभराच्या आंतबाहेर माणसें असावींत. सारीं शुभ्र वस्त्रांत. शाळकरी पोरें, दाढी राखलेले युरोपीय प्रवासी, तरुण मुली, आणि एक पिकल्या केसांचे गृहस्थ, ज्यांचें वय सत्तरीखालीं नसावें. आमच्या तालमींतील तांबडी माती, तींत मुरविलेलें तेल, ताक व हळद यांचा तो वास येथें नव्हता. घुमणारे शड्डू नव्हते. जोडी समोरासमोर येई, कमरेंत वांके, झुंजे, एक जण पडे, उठे, पुन्हा दोघे वांकत आणि दुसऱ्या जोडीदाराच्या शोधास लागत. जिंकणाऱ्याच्या मुद्रेवर कांहींच दिसत नसे. हरणाऱ्याच्याही नसे, हें आम्हांस अधिक नवल वाटलें.

पण डोळ्यांहून कानांस जें जाणवलें तें निराळेंच. दर दोन-तीन पळांस खालून फाड् असा एक आवाज येई, जणूं कोणी ओलें धोतर दगडावर आपटतें आहे. प्रत्येक आवाजास सौभाग्यवती डोळे मिटून घेत. शेवटीं त्यांनीं विचारलें, "अग, हीं माणसें इतकीं आपटतात, यांचीं हाडें कशीं मोडत नाहींत?"

"तो आवाज येतो म्हणूनच मोडत नाहींत," कन्या म्हणाली, आणि तिनें आम्हांस पडण्याचें शास्त्र समजावून सांगितलें. त्याला तेथें उकेमी म्हणतात. पडतां पडतां हनुवटी छातीस लावावयाची, म्हणजे डोकें मागें आपटत नाहीं. पाठ वाटोळी करावयाची. आणि पाठ टेकते त्याच क्षणीं सबंध हात, तळव्यापासून दंडापर्यंत, अंगापासून थोडा दूर गादीवर मारावयाचा. पडण्याचा जोर मग एका ठिकाणीं न बसतां पसरतो. नवशिक्यास हें आधीं निजून, मग उकिडवें बसून आणि मग उभ्यानें करावयास लावतात, डाव त्यानंतर. मनुष्याची उपजत बुद्धि मात्र याच्या उलट सांगते. ती म्हणते, हात पुढें टेक. हात टेकला कीं सगळा भार मनगटावरून, कोपरावरून, खांद्यावरून सरळ गळपट्टीच्या हाडावर येतो.

एवढें सांगून ती थांबली. मग खालीं पाहतच म्हणाली, "त्या दिवशीं मी हात टेकला होता, बाबा. आम्हांला पडावयास दोनच दिवस शिकविलें होतें. स्पर्धा जवळ आली होती ना."

वाचकहो, दोन वर्षांत आम्हीं डॉक्टरांस शंभर प्रश्न विचारले होते. हाड कसें सांधेल, वांकडें राहील काय, लग्नाच्या वेळीं दिसेल काय, हाही एक त्यांत होता, हें लाज सोडून सांगतों. पण तूं पडलीस कशी, हा प्रश्न मुलीस आम्हीं एकदांही विचारला नव्हता. विद्येस दोष देऊन मोकळे झालों होतों. दोष शिकविण्याच्या घाईंत होता, हें टोकियोच्या आठव्या मजल्यावर बसून आम्हांस कळलें.

सौभाग्यवतींचें लक्ष मुलींच्या एका घोळक्याकडे लागलें होतें. "बायका येथें केव्हांपासून येतात ग?" त्यांनीं विचारलें. स्त्रियांचा स्वतंत्र विभाग कोदोकानांत १९२६ सालीं निघाला. त्यांत पुढें फुकुदा केइको नांवाची एक तरुणी आली. कानोचे जे पहिले गुरु, त्यांची ही नात. कानोनें स्वतः तिला शिकावयास बोलाविलें होतें. घरच्यांनीं तिचें लग्न जमविलें, पण लग्न झाल्यावर ज्युदो सोडावें लागेल असें दिसतांच तिनें तें नाकारलें आणि जन्मभर अविवाहित राहिली. पाचव्या श्रेणीवर तिला कित्येक वर्षें थांबावें लागलें, कारण त्याच्या वर स्त्रियांना चढवीतच नसत. सहावी श्रेणी १९७२ सालीं मिळाली, आणि कोदोकाननें नववी दिली ती २००६ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास. २०१३ सालीं ती अमेरिकेंत वारली, तोंवर शिकवीत होती. कन्येस हें सारें तोंडपाठ होतें. ज्या घरांत हा विषय काढावयाचा नव्हता, त्याच घरांत बसून तिनें तें केव्हां वाचलें कोण जाणे.

सौभाग्यवती बराच वेळ बोलल्या नाहींत. मग आमच्याकडे न पाहतां मुलीस म्हणाल्या, "उद्यां तूं खालीं जा."

"अहो, पण पोषाख?" आम्हीं हातचा मुद्दा पुढें केला. पाहुण्या खेळाडूंस कार्यालयांत नांवनिशी लिहून व शुल्क भरून सराव करतां येतो हें आम्हीं ऐकलें होतें. पण शुभ्र पोषाखावांचून गादीवर पाय ठेवतां येत नाहीं हेंही ऐकलें होतें.

"तो बॅगेंत आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "पेटीची किल्ली माझ्याजवळच असते."

आता आमच्या डोक्यांत उजेड पडला. आमचें विमान स्वस्तांतलें. माणशीं सात किलोंच्या वर ओझें चालत नव्हतें. निघतांना कन्येची बॅग कांहीं केल्या हलकी होईना, म्हणून आम्हीं स्वहस्तें तींतून थालीपिठाच्या भाजणीची पिशवी काढून ठेविली होती, आणि चार दिवस तिच्यासाठीं हळहळत होतों. ज्युदोचा पोषाख दीड-दोन किलोंचा भरतो.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्ही दोघें सज्जांत व कन्या खालीं, असे बसलों. तिच्या वांट्यास एक चाळिशीच्या बाई आल्या. आम्हीं पडण्याची संख्या मोजावयास प्रारंभ केला. एकोणिसाच्या पुढें मोजणें सोडलें. एकदां मात्र तिचा हात पुन्हा पुढें टेकला. आम्ही बांकावरून उठून उभे राहिलों. तिला कांहीं झालें नाहीं. पण त्या बाईंनीं झुंज तेथेंच थांबविली, तिला कडेस नेलें, उकिडवें बसविलें, आणि पाव तासपर्यंत नुसतें पडावयास लाविलें. फाड्, फाड्, फाड्. भाषा एकीस दुसरीची येत नव्हती. शेवटीं दोघी गुडघ्यांवर बसून एकमेकींस वांकल्या. सौभाग्यवतींनीं या वेळीं डोळे मिटले नव्हते.

रात्रीं घामानें भिजलेला तो पोषाख वसतिगृहाच्या तळघरांतील नाणीं टाकून चालणाऱ्या यंत्रांत धुतला. वाळविण्याचीं नाणीं निराळीं पडलीं, आणि कापड इतकें जाड कीं तीं दोनदां टाकावीं लागलीं. वही उघडून ही रक्कम कोणत्या सदराखालीं घालावी याचा आम्ही विचार करीत होतों.

"भाजणी लिहा," सौभाग्यवती म्हणाल्या.