खेकडे मोजून काय मिळणार?

घर आणि शाळा

मुलगी बी.एस्सी.ला गेली आणि तिने प्राणिशास्त्र घेतले, की घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "पुढे काय करणार?" त्यात तिने सांगितले, की प्रकल्पासाठी ओढ्यातले खेकडे मोजायचे आहेत, तर घरात हसू पिकते. "खेकडे मोजायला कॉलेज कशाला? तुझ्या आजीला विचार, ती सांगेल." हे बोलणे थट्टेचे असले तरी त्यात तथ्य आहे. आजीला खेकड्याची माहिती खरोखरच असते. मग विद्यापीठ त्यात काय भर घालते, हे आईवडिलांनी समजून घेतले पाहिजे. ते समजले नाही, तर मुलीचे शिक्षण मध्येच थांबवण्याचा विचार घरात पहिल्यांदा येतो.

मेढ्याचेच उदाहरण घ्या. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा नदी मेढ्यावरून वाहत जाते, पुढे कण्हेर धरणात अडते आणि माहुलीला कृष्णेला मिळते. जावळीच्या या खोऱ्यात तिला मिळणारे ओढे-ओहोळ पुष्कळ. मृगाचा पाऊस पडला की भातखाचरांच्या बांधावर आणि ओढ्याच्या कपारींतून खेकडे बाहेर निघतात. रात्री बॅटरी आणि पोते घेऊन माणसे जातात. ज्यांना मटण विकत आणणे परवडत नाही, त्यांच्या चुलीवर त्या दिवसांत खेकड्याचा रस्सा शिजतो. नांग्या पाट्यावर वाटायच्या, पाणी घालून गाळून घ्यायच्या आणि मग फोडणीला टाकायच्या, हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. पोटाखालचे झाकण रुंद असेल तर मादी आणि निमुळते असेल तर नर, हेही ठाऊक असते. झाकणाखाली पिल्ले असतील तर तिला सोडून द्यावे, असे जाणती माणसे सांगतात.

हे सारे ज्ञान आहे. मात्र ते कुठे लिहिलेले नाही. आणि न लिहिलेल्या ज्ञानाचे काय होते ते पाहा. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल साईक्स यांनी येथील खेकड्यांची माहिती विलायतेतील शास्त्रज्ञांपुढे मांडली आणि १८३६ साली वेस्टवूड या शास्त्रज्ञाने त्यातील एका जातीचे शास्त्रीय नाव ठेवले. आज तो खेकडा बॅरिटेल्फ्युसा क्युनिक्युलॅरिस म्हणून ओळखला जातो. आपल्या पणज्या-खापरपणज्या तो शेकडो वर्षे शिजवत होत्या, परंतु शास्त्राच्या पुस्तकात वेस्टवूडचे नाव लागले, कारण त्याने पाहून, मोजून, लिहून ठेवले.

परदेशातील विद्यापीठांत अशा अभ्यासासाठी क्रेफिश वापरतात. क्रेफिश म्हणजे झिंग्यासारख्या लांब अंगाचा आणि खेकड्यासारख्या नांग्या असलेला गोड्या पाण्यातील प्राणी. हक्स्ले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० साली त्या एकाच प्राण्यावर पुस्तक लिहून त्याच्या आधाराने प्राणिशास्त्राची ओळख करून दिली. पुढे मनाच्या आजारांच्या अभ्यासामुळे जगभर गाजलेले डॉ. सिग्मंड फ्रॉईड तरुणपणी व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेत क्रेफिशचे मज्जातंतू तपासत होते. त्यावरचा त्यांचा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनाही कोणी विचारले असेल, की या किड्यांतून काय निघणार?

भारतात क्रेफिश मुळात आढळत नाही. म्हणून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी खेकडा घेतला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच क्युनिक्युलॅरिस खेकड्यावर काम केले. त्याच्या प्रजननाच्या चक्रावरील निबंध १९७४ साली छापून आला. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात ग्रंथी असते आणि तिच्यातून निघणारा रस कवच टाकण्याच्या क्रियेला आवर घालतो. अशा ग्रंथींचा शरीरावर काय परिणाम होतो, हेही तेथे अभ्यासले गेले. १४ जानेवारी १९९४ पासून या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव आहे, हे वाचकांना सांगायला नको. त्याच्या प्रयोगशाळेत ओढ्यातल्या खेकड्यालाही मान मिळाला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल.

येथे एखादी आई विचारील, "आमच्या घरात पंचशील म्हणतात आणि पोरीने जीव चिरायचे का?" प्रश्न रास्त आहे. रश्शासाठी खेकडा मारताना आपण हा विचार किती करतो, तेही मनाशी विचारावे. पण कॉलेजपुरते उत्तर असे, की विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या वर्गातील चिरफाड २०११ पासून कमी करत आणली आणि २०१४ मध्ये ती बंद करण्यास सांगितले. ओढ्याच्या अभ्यासात खेकडा मारावा लागत नाही. पकडायचा, पाठीची रुंदी पट्टीने किंवा कॅलिपरने मोजायची, नर की मादी ते पाहायचे, वहीत नोंदवायचे आणि होता त्याच जागी सोडायचा.

त्याबरोबर पाणीही तपासायचे. पाण्याचे तापमान घ्यायचे, ते आम्लधर्मी आहे का ते पाहायचे आणि त्यात प्राणवायू किती विरघळला आहे ते काढायचे. यासाठी बुचाच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून दोन रसायने घालतात. तपकिरी साका धरला तर पाण्यात प्राणवायू आहे, साका पांढराच राहिला तर नाही. पुढच्या हिशोबाने त्याचे नेमके प्रमाण निघते. ही पद्धत १८८८ सालची आहे आणि तिला फार महागडे यंत्र लागत नाही. एकाच ओढ्यावर दर महिन्याला असे केले, की वर्षाअखेरीस ओढ्याची तब्येत वहीत उतरते.

ही तब्येत पाहणे का महत्त्वाचे आहे? समुद्रातल्या खेकड्याची अंडी फुटली की बारीक पिल्ले पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात. आपल्या ओढ्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याच्या अंड्यातून चिमुकला खेकडाच बाहेर येतो आणि काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो. तो फार लांब जात नाही. म्हणून एका खोऱ्यातला खेकडा पलीकडच्या खोऱ्यातल्याहून वेगळा निघू शकतो. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या संशोधकांनी २०१४ साली घाटातील खेकड्यांचा 'घाटियाना' हा नवा गट नोंदवला. २०१६ साली सह्याद्रीतून आणखी पाच नव्या जाती जाहीर झाल्या. त्यातील एक खेड आणि कांदाटी खोरे यांना जोडणाऱ्या रघुवीर घाटातली होती, म्हणजे जावळीच्या डोंगरापलीकडची.

याचा दुसरा अर्थ असा, की ओढ्यात कोणी ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून मासे मारले, तर तेथला खेकडा मरतो आणि बाहेरून दुसरा सहज येत नाही. एका रात्रीच्या माशांसाठी कित्येक वर्षांचे अन्न जाते, आणि ते आधी गरिबाच्या ताटातून जाते.

वहीतल्या नोंदीचे मोल कळायला आणखी एक घटना आठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. घरे वाहून गेली, माणसे गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी सांगितले, की खेकड्यांनी धरण पोखरले. लोक संतापले. काही ठिकाणी आंदोलकांनी खेकडे पोलीस ठाण्यात नेऊन यांना अटक करा, अशी मागणी केली. पण अशा वेळी संतापाबरोबर माहितीही हाताशी लागते. खेकडा कोणत्या मातीत बीळ करतो, किती खोल जातो, मातीच्या बांधावर दर वर्षी किती बिळे दिसतात? ज्याने हे मोजून लिहिले आहे, तो माणूस चौकशी समितीपुढे उभा राहून बोलू शकतो. तो माणूस आपल्या वस्तीतला का असू नये?

नोकरीचेही बोलू. खेकड्यावर प्रकल्प केला म्हणजे लगेच पगार सुरू झाला, असे होत नाही. मात्र हे काम शिकलेल्या मुलीला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, मत्स्यव्यवसाय खाते, शिक्षकी पेशा आणि संशोधन असे रस्ते मोकळे होतात. सातारा-सांगलीच्या मुलांना कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळ आहे. पीएच.डी.साठी पुण्याची बार्टी ही संस्था अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देते. बौद्ध म्हणून कागदपत्रांत अडवणूक झाली, तर १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या आहेत, हे ठामपणे सांगावे. जाहिरात निघण्याआधीच जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र तयार ठेवावे.

येत्या मृगाला घरातल्या मुलाला किंवा मुलीला शंभर पानी वही आणून द्या. तारीख, जागा, पाऊस, किती खेकडे दिसले, किती माद्या, किती पिल्लांच्या, एवढेच रकाने आखा. रात्री एकट्याने पाठवू नका. बिळात हात घालू देऊ नका, आत साप असू शकतो. ओढ्याला पूर असेल त्या दिवशी रकाना कोरा राहू द्या. आजी बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. कॉलेजच्या प्रकल्पाच्या सुरुवातीला आभाराचे एक पान असते. त्यावर सरांच्या नावाआधी आजीचे नाव लिहिले, तर सरसुद्धा नाही म्हणणार नाहीत.